पोर्ट ऑफ स्पेन: एक सकाळ, एक गाडी आणि बाबांचं कात्रण

बाबांकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. मार्च १९७१ चं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. तेव्हा ते दादरला सातवीत होते. भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं, ते त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर, त्याची ती बातमी. त्यामुळे या मार्चच्या शेवटी शेजारच्या टोबॅगो बेटावर सुट्टीला जायचं ठरलं, तेव्हा त्रिनिदादमध्ये एक रात्र आणि एक सकाळ काढायचीच, हे मी आधीच पक्कं केलं होतं. मी न्यू जर्सीत राहते आणि बाबा डोंबिवलीहून दर वर्षी दोन-तीन महिने माझ्याकडे येतात. न्यूयॉर्कहून थेट विमानाने पाच तासांत पोचता येतं.

एका सकाळीत हे शहर बघून होतं का? होतं. पण सहल कशी ठरवता त्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून ते आधी सांगते.

घरी बसून मी जी अर्ध्या दिवसाची सहल ठरवली होती, तिच्या यादीत ओव्हलचं नाव होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात सहज विचारलं, किती वेळ थांबणार? उत्तर आलं, थांबणार नाही, गाडीतूनच दाखवू. सेंट जेम्स या जुन्या भारतीय वस्तीचंही तसंच. मी ते बुकिंग रद्द केलं आणि हॉटेलच्या ओळखीतून एक स्थानिक गाईड गाडीसकट चार तासांसाठी घेतला. माणशी दराच्या सहलीत गाडी दहा-बारा जणांच्या सोयीने चालते. दोघं-तिघं असाल आणि सोबत वडीलधारी माणसं असतील, तर गाडी तासांवरच घ्या. आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल एकच प्रश्न विचारा: इथे उतरायचं की नुसतं बघायचं?

गाईड बरोबर साडेआठला हजर. पन्नाशीचा, भारतीय वंशाचा. बाबांना पहिल्याच वाक्यात ‘अंकल’ म्हणाला. गाडी सुरू करताना त्याने आपल्या घराण्याबद्दल सांगितलं आणि बोलता बोलता म्हणाला, “माय आजी...” बाबा मागच्या सीटवरून एकदम पुढे झुकले. “आजी म्हणालास?” तो म्हणाला, हो, वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील ते आजा. आईकडचे नाना-नानी. हे शब्द बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या भोजपुरीतून तिथे गेले. त्याच्या पणजोबांना हिंदी येत होतं, त्याला येत नाही, पण ‘आजी’ हा शब्द काही त्याच्या घरातून गेला नाही. पुढचे चार तास बाबा त्याच्याशी घरच्यासारखे बोलत होते.

सुरुवात क्वीन्स पार्क सवानापासून. हे शहराच्या मधोमध सुमारे २६० एकरांचं मोकळं मैदान आहे. दादरच्या शिवाजी पार्कसारखी नऊ मैदानं सहज मावतील. भोवतीचा रस्ता एकेरी, त्यामुळे कुठेही जायचं तरी सवानाला वळसा पडतोच. १८१७ मध्ये गव्हर्नर वुडफर्ड यांच्या काळात ही जमीन पेशिए कुटुंबाकडून घेतली गेली, पण कुटुंबाचं छोटं कबरस्तान भिंतीआड आजही मैदानातच आहे. मार्चमध्ये इथे पुईची झाडं फुलतात, गुलाबी आणि पिवळी. विक्रोळीला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगत जो गुलाबी टॅबेबुया फुलतो, त्याच्याच कुळातली ही झाडं. तिथे त्यांचं स्वतःचं घर आहे, आपल्याकडे ती पाहुणी. मुंबईच्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्षही मूळचा अमेरिका खंडाच्या याच उष्ण भागातला. बाबांनी तो लांबूनच ओळखला.

सवानाच्या पश्चिमेला एका ओळीत सात जुन्या इमारती आहेत, ‘मॅग्निफिसंट सेव्हन’. बहुतेक १९०३ ते १९१० मधल्या. एक आर्चबिशपांचं निवासस्थान, एक स्कॉटिश किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेला स्टोलमायर कासल, एक पंतप्रधानांच्या कार्यालयाची इमारत म्हणून ओळखला जाणारा व्हाइटहॉल. दक्षिण टोकाला घड्याळाचा मनोरा असलेलं क्वीन्स रॉयल कॉलेज. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स, क्रिकेटवर लिहिणारे लेखक सी. एल. आर. जेम्स आणि साहित्याचं नोबेल मिळवणारे व्ही. एस. नायपॉल हे तिघंही याच शाळेचे विद्यार्थी. इमारती आतून पाहायला मिळतीलच असं धरू नका. सकाळचं ऊन त्यांच्या दर्शनी भागावर पडतं, तेव्हा फोटो नऊच्या आत काढा आणि फुटपाथवरून सातही चालत बघा, पंधरा मिनिटं पुरतात.

तिथून शहराच्या जुन्या भागात. वुडफर्ड स्क्वेअर आणि समोर रेड हाउस, म्हणजे संसद. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवासाठी लाल रंगवली, तेव्हापासून नावच रेड हाउस. १९०३ मध्ये पाणीपट्टीवरून दंगल पेटली आणि ही इमारत जळली, १९०७ मध्ये पुन्हा उभी राहिली. जुलै १९९० मध्ये सशस्त्र बंडखोरांनी पंतप्रधानांसह खासदारांना इथेच ओलीस धरलं होतं. आमचा गाईड तेव्हा शाळकरी पोरगा होता. ते सहा दिवस घराबाहेर पडता आलं नाही, एवढंच तो बोलला आणि गप्प झाला. आम्हीही पुढे विचारलं नाही. समोरच्या चौकातल्या झाडांखाली एरिक विल्यम्स हजारो लोकांपुढे राजकारण आणि इतिहास उलगडून सांगत, म्हणून लोक त्या चौकाला विद्यापीठच म्हणत. या भागात वीस मिनिटं पुरे.

आता सेंट जेम्स. माझ्या मते आपल्या लोकांनी या शहरात एकच वस्ती बघायची ठरवली, तर ती ही. पूर्वीच्या ऊसमळ्याच्या जागेवर वसलेली. गल्ल्यांच्या पाट्या वाचत जा: बॉम्बे स्ट्रीट, दिल्ली, लखनौ, मद्रास, बनारस. नेपॉल स्ट्रीटवर नायपॉल कुटुंबाचं घर आहे, लहानसं, दुमजली, रस्त्याला लागूनच. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर आणलेली ही माणसं. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. त्यात मराठी नावं शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही, बहुतेक सगळे गंगेच्या खोऱ्यातले. पण तरी ओळखीचं पुष्कळ भेटतं. मोहरममध्ये इथल्या रस्त्यांवरून ताबूत निघतात, त्याला ते ‘होसे’ म्हणतात. त्यापुढे जे वाजतं त्याचं नाव ताशा! सोबतीला मोठा ढोल आणि पितळी झांज. गाईडने फोनवर त्याच्या पुतणीच्या लग्नातला व्हिडिओ दाखवला. चारजण जाळ करून ताशाचं कातडं तापवत होते, एकजण बोटाने टिचकी मारून सूर बघत होता. बाबा म्हणाले, आमच्या गल्लीत गणपतीच्या आधी अस्संच तापवायचे, पेंढा पेटवून.

नाश्ता हॉटेलात करू नका, सेंट जेम्ससाठी पोट रिकामं ठेवा. रस्त्यालगत डबल्सची गाडी असते. मैद्याच्या, हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, आणि मध्ये रसरशीत चणे. विकणारी बाई डाव्या हातावर कागद ठेवते, उजव्या हाताने दोन बारा अर्ध्या एकमेकींवर टाकते, पळीभर चणे, वर काकडी, चिंचेची चटणी, आणि कागदाची दोन टोकं धरून एक गरका मारला की पुडी तयार. मोजून सहा-सात सेकंद. तिखटाचं विचारतील तेव्हा ‘स्लाइट’ म्हणा. तिथली मिरची आपल्या लवंगीला हार जात नाही, आणि मी ‘मीडियम’ म्हटल्याचं मला पुढे तासभर जाणवत होतं. त्याच गाडीवर ‘सहीना’ मिळाली. अळूची पानं आणि वाटाण्याच्या डाळीचं पीठ, तळलेलं. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, गूळ-चिंच कमी आहे, बाकी अळूवडीच. शाकाहारी माणसाची या शहरात आबाळ होत नाही, हे मुद्दाम लिहिते. चणे, बटाटा, भोपळा, दालपुरी सगळं मिळतं. फक्त गाडीवर सुटे त्रिनिदाद डॉलर लागतात. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. आणि शक्यतो सकाळी दहाच्या आत जा, माल संपला की गाडी बंद.

सेंट जेम्सवरूनच फोर्ट जॉर्जचा रस्ता वर चढतो. १८०४ मध्ये बांधलेला किल्ला, उंची सुमारे ११०० फूट. तोफा आहेत, पण इथे लढाई कधी झाली नाही. लाकडी सिग्नल-घराचा आराखडा आफ्रिकेतल्या अशांती राजघराण्यातल्या, इथे आलेल्या कोफी न्ती या राजपुत्राने १८८३ मध्ये केला. वरून सगळं शहर, बंदर आणि पारियाचं आखात दिसतं, हवा स्वच्छ असेल तर पलीकडे व्हेनेझुएलाचा किनाराही. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. गाडी लागत असेल तर डबल्स आधी खाऊ नका, किंवा आमच्यासारखी मध्ये अर्ध्या तासाची फट ठेवा. इथे एकट्याने, भाड्याची गाडी घेऊन, जाऊ नका.

ओव्हल आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, घाई नको म्हणून. मैदान क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबचं खाजगी आहे, सामना नसताना दार उघडं असेलच असं नाही. गाईडने आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, तुम्हीही तेच करायला सांगा. पहारेकरी पासष्टीच्या पुढचा, कृष्णवर्णीय, सावकाश चालणारा. त्याने आम्हाला एका स्टँडच्या सावलीत नेलं. समोर हिरवं मैदान, आणि उत्तरेला डोंगररांग इतकी जवळ की चेंडू जोरात मारला तर तिच्यात जाऊन पडेल असं वाटावं.

बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग पिशवीतून कात्रण काढलं. दिलीप सरदेसाई ११२. एकनाथ सोलकर ५५. सुनील गावस्कर, पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. कर्णधार अजित वाडेकर. मडगावात जन्मलेला एक, बाकी मुंबईचे. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सला शून्यावर बाद केलं आणि लॉइडलाही काढलं. हे सगळं ते मला मराठीत सांगत होते, आणि पहारेकरी फक्त नावं ऐकत मान हलवत होता. मग तोच म्हणाला, “नोरिगाने नऊ घेतल्या होत्या. तरी आम्ही हरलो.” खरंय. जॅक नोरिगा त्रिनिदादचाच, ९५ धावांत ९ बळी. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या कोणत्याही गोलंदाजाने कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेतलेले नाहीत. पहारेकऱ्याने विचारलं, यात नोरिगाचं नाव आहे का? बाबांनी कात्रण उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं. त्याने खिशातून फोन काढला आणि ती देवनागरीतली ‘नोरिगा’ अक्षरं जवळून टिपून घेतली. मुलाला दाखवतो म्हणाला.

त्याच मालिकेत गावस्करांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. शेवटची कसोटी पुन्हा इथेच, १२४ आणि २२०. लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं, रचला, आणि आमच्या गाईडला त्याची चाल पाठ होती. १९७६ मध्ये याच मैदानावर भारताने ४ बाद ४०६ करून चौथ्या डावातलं ४०३ चं लक्ष्य गाठलं. क्रिकेटवेड्यांनी इथे किमान पाऊण तास राखून ठेवावा.

आता जाणाऱ्यांसाठी राहिलेलं. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीची. त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल, तर लशीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. बाबा नंतर महिनाभर माझ्याकडेच होते म्हणून तो प्रश्न आला नाही. वयस्कर माणसांनी ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर विमान नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे बॅगेत टाकू नका, लहान मुलांचेही नाहीत. तिथे कायद्याने बंदी आहे. टॅक्सी घेताना नंबरप्लेट ‘एच’ने (‘हायर’, म्हणजे भाड्याची गाडी) सुरू होते का बघा. गुन्हेगारी हा तिथला खरा आणि गंभीर प्रश्न आहे, २०२४ च्या अखेरीस आणीबाणी जाहीर करावी लागली होती. आम्हाला कुठेही त्रास झाला नाही, पण अंधार पडल्यावर आम्ही पायी फिरलो नाही आणि अनोळखी वस्त्यांत गेलो नाही. कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी ही सहल ठरवू नका, रस्ते बंद असतात. जून ते डिसेंबर पावसाळा, तेव्हा फोर्ट जॉर्जवरून ढगांपलीकडे काही दिसण्याची आशा कमी. माराकसचा समुद्रकिनारा याच सकाळीत बसवायचा आग्रह गाईड करतील. नका बसवू, त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा, नाहीतर ओव्हलला पाच मिनिटं मिळतील.

साडेबाराला सवानाच्या कडेला शहाळं प्यायला थांबलो. बाबांनी गाईडला विचारलं, तुझी आजी अजून आहे का? तो म्हणाला, ब्याण्णव वर्षांची आहे, पुढच्या वेळी या, घरी नेतो. बाबांनी शहाळं खाली ठेवून खिशातली छोटी वही काढली आणि तिचं नाव लिहून घेतलं.