तुम्ही विचारलंत म्हणून: सोमवारी साडेपाचला मी फोन का घेत नाही

"नंतर ऐकता येत नाही का?" हा प्रश्न नातेवाईक, शेजारी, जुन्या मैत्रिणी असे सगळे आळीपाळीने विचारतात, म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून सांगते. ऐकता यायचं. लंडनच्या विगमोर हॉलमधली पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची सोमवार दुपारची मैफल बीबीसी रेडिओ ३ वर थेट लागते आणि २०२५ पर्यंत ती नंतरही इंटरनेटवर इथून सवडीने ऐकता यायची. तेव्हाही मी ती त्याच वेळी ऐकायचे आणि अजूनही ऐकते, हातातलं काम ठेवून आणि फोन बंद करून. तिथे दुपारचा एक वाजलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच, आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसहा. म्हणजे हिवाळ्यात ऐन दिवेलागण. त्यावरूनही आमच्या घरात पुष्कळ बोलून झालेलं आहे.

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो. पुण्यात वाढलीस, सवाई गंधर्वला लहानपणापासून जातेस, मग हे परकं कशाला? याचा मला खरोखर राग येतो. सवाईला मी अजूनही जाते. रमणबागेत बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसून जे ऐकलं, त्यावरच माझा कान तयार झाला. एका संगीताला तास दिला म्हणजे दुसऱ्याचा तास चोरला, हा हिशेब मला मान्य नाही. कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पियानो ऐकायला जाणारेही पुणेकरच असतात.

पूर्वी मी यावर एक गोड उत्तर द्यायचे. म्हणायचे, ही आपली बैठकच आहे हो. लहान जागा, दोन-चार वादक, समोर कान देऊन बसलेली माणसं. विगमोर हॉल आहेच लहान, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचा. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये आपल्या दुकानाला लागून तो बांधला. पहिल्या महायुद्धात जर्मनांची मालमत्ता म्हणून तो विकला गेला आणि १९१७ मध्ये नाव बदलून पुन्हा उघडला. बैठकीचं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि विषय मिटायचा.

आता मला ते उत्तर देववत नाही. बैठकीत गवई समोर बघून गातो. दाद आली तर तीच जागा पुन्हा घेतो, माणसं चुळबुळायला लागली तर लय वाढवतो. हायडन या संगीतकाराच्या क्वार्टेटमधला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेतला, एकेक स्वर दोनशे वर्षांपूर्वीच कागदावर पक्का झालेला आहे. मध्ये "वाहवा" म्हणायची सोय नाही. दोन भागांच्या मधल्या विरामात टाळीसुद्धा वाजवत नाहीत, लोक खोकून घेतात. रेडिओवर तो खोकला अगदी स्वच्छ ऐकू येतो. मग खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याचा आवाज, आणि तारांवर पहिला बो, म्हणजे गज, पडायच्या आधी चौघांनी एकदम घेतलेला श्वास. मला हे सगळं आवडतं ते वेगळं आहे म्हणूनच. आपल्यासारखं आहे असं पटवून दिल्याशिवाय एखादी गोष्ट आवडून घ्यायची नाही, असा नियम कोणी केला?

दुपारी कशाला मैफली, असंही कोणीतरी विचारलं होतं. कचेरीत काम करणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत तासभर ऐकता यावं, म्हणून. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनमधली सभागृहं बंद झाली आणि रात्री काळोख पाळायचा हुकूम निघाला. नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्सला हलवलेली होती. त्या मोकळ्या भिंतींमध्ये मायरा हेस या पियानोवादक बाईंनी १० ऑक्टोबर १९३९ ला दुपारच्या मैफली सुरू केल्या. पहिल्या दिवशी त्या स्वतःच वाजवायला बसल्या. तिकीट एक शिलिंग. बॉम्ब पडू लागले तेव्हा मैफली तळघरात गेल्या, पण १९४६ पर्यंत चालू राहिल्या. हे मी मोठ्या अभिमानाने सांगायचे, जणू माझ्याच आजीचा पराक्रम. त्याच्या आधारावर मी असंही म्हणायचे की संकटात संगीत माणसाला सावरतं. त्या म्हणण्याबद्दल आता बोलायला हवं.

बाबा मे २०२० च्या अखेरीस गेले. करोना नव्हता, वय झालं होतं, पण काळ करोनाचा होता. वैकुंठ स्मशानभूमीत मोजकीच माणसं. माझा भाऊ टोरांटोला, आणि मार्चपासून विमानं बंद. त्याने बाबांचं अंत्यदर्शन घेतलं ते चुलतभावाने उंच धरलेल्या मोबाइलवर. चित्र मध्येच गोठायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. त्यानंतर तो रोज त्याच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, फोन करायचा. एरवी घर माणसांनी भरलं असतं, पण भेटायला कोणी येऊ शकत नव्हतं. बाबांच्या खोलीत कणकेवर दिवा ठेवला होता. तो वाऱ्याने विझू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली, त्यामुळे खोलीत तेलाचा वास कोंडला होता.

१ जूनला सोमवार होता. टाळेबंदीनंतर विगमोर हॉलमधून पहिल्यांदाच थेट मैफल होणार होती, श्रोत्यांशिवाय. स्टीफन हफ हा एकटा वादक आणि समोर रिकाम्या खुर्च्या. आधी जुन्या काळचा जर्मन संगीतकार बाख याची शाकोन ही रचना, बुसोनी या नंतरच्या संगीतकाराने पियानोसाठी बांधलेली, आणि मग शूमन या संगीतकाराची फँटसी. मी बाबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसले आणि आवाज बारीक ठेवून लावलं.

शाकोन मूळची एकट्या व्हायोलिनची. खर्जातली एक छोटी चाल फिरून फिरून येते आणि तिच्यावर साठाहून अधिक वेळा काही नवीन उभं राहतं. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे. सगळी डी मायनरमध्ये, फक्त मध्ये काही वेळ डी मेजर होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार लागतो आणि मग तो परत कोमल होतो. तो शुद्ध गंधार नुकता लागला होता, तेवढ्यात फोन वाजला. त्या दिवसांत भावाचा फोन न घेणं शक्यच नव्हतं.

"ताई, मागे काय वाजतंय?"

"पियानो. लंडनहून थेट चाललंय."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाला, "बाबांचे दिवससुद्धा झाले नाहीत अजून."

मी म्हटलं, "हे संपलं की लगेच करू का तुला? तासभर फक्त."

त्याने फोन ठेवला.

घरात यावर जे बोलणं झालं त्यात सुतकात गाणं चालतं की नाही हाच मुद्दा होता. माझ्यापुरता तो मुद्दा नाहीच. बाबा स्वतः असले नियम मानत नव्हते. डॉक्टरांचा दाखला, गाडीचा पास, बँक, फोनवर रडणारी माणसं, हे सगळं त्या आठवड्यात मी एकटीने केलं होतं. त्या तासात कोणी मला काही विचारणार नव्हतं. मला तो तास हवा होता आणि आजही मी तो मागेन. पण माझ्या भावाला सुतकाचं दुःख नव्हतंच, हेही मला कळतं. जो येऊच शकला नाही, त्याला मी थांबायला सांगितलं.

काही दिवसांनी मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला. १७२० मध्ये बाख आपल्या राजाबरोबर कार्ल्सबादला गेला होता. परतला तेव्हा त्याची बायको मारिया बार्बारा गेलेली होती, पुरूनही झालं होतं. शाकोनच्या हस्तलिखितावर तेच साल आहे. ती तिच्या आठवणीत लिहिली असं काही अभ्यासक मानतात, पुरावा कुणाकडे नाही. शेवटी मी लिहिलं, तोही पोचला नव्हता. त्याचं उत्तर आलं: "बाखचं मला काय सांगतेस? तू तिथे होतीस."

राहिलेली शाकोन मी नंतर रेकॉर्डिंगवर ऐकली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे असेल तर इथे, आणि ते माझ्या बाजूचं नाही. ती तशीच सुंदर होती. गंधार कोमल होतो ती जागा त्या दिवशी ऐकली असती तरी याहून निराळी ऐकू आली नसती. सांत्वन दोन्ही वेळा झालं नाही. मायरा हेसच्या गोष्टीवरून मी जे सांगत फिरायचे, ते माझ्या बाबतीत घडलंच नाही. घडलं ते एवढंच की तिकडे हॉल रिकामा होता आणि इकडे घर रिकामं होतं, आणि दोन्हीकडे एकाच वेळी तेच वाजत होतं. मी सोमवारी ती वेळ धरून बसते ती यासाठी. इंटरनेटवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, तेव्हा "एकाच वेळी" हेही तंतोतंत खरं नाही, आणि तरी मला ते पुरतं.

इथेच मी अडकते. भावालाही थेटच मिळालं होतं. बाबांचा चेहरा, काही सेकंद मागे, मध्येमध्ये गोठणारा. मला लंडन त्या तेवढ्यातून पुरतं आणि त्याला पुणं पुरलं नाही. संगीत वेगळं आणि बाप वेगळा, असं म्हणून सुटता येईल, पण मग मी इतकी वर्षं थेट असण्याचं जे महत्त्व सांगते आहे त्याचं काय, ते मला सांगता येत नाही. त्याला कधी विचारलेलं नाही. आम्ही बोलतो, दर आठवड्याला, मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल. सोमवारी त्याचा फोन नसतो.