आमचे गोबरगॅस संयंत्र: खड्ड्यापासून शेगडीपर्यंत

आमच्या गोठ्यात चार जनावरे असून त्यांचे रोज 50 किलोच्या आसपास शेण निघते, आणि 2 घनमीटर क्षमतेच्या दीनबंधू संयंत्राला तेवढेच लागते, हा हिशेब जुळल्यावरच मी बांधकाम हाती घेतले. 1984 साली 'अफ्प्रो' (ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) या स्वयंसेवी संस्थेने पुढे आणलेल्या या नमुन्यात लोखंडी तरंगती टाकी नसते. विटांचा घुमटच वायू धरून ठेवतो, त्यामुळे गंजाची भीती नाही, पण आतल्या गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी वायू निसटतो. म्हणून हे काम पूर्वी केलेल्या गवंड्यासाठी मी महिनाभर थांबलो आणि ते योग्यच झाले.

पहिल्या भरणीने मात्र कस लावला. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून सुमारे 4000 लिटर काला भरायचा, म्हणजे जवळजवळ दोन टन शेण हवे. घरचे पुरण्यासारखे नव्हते. शेजाऱ्यांच्या गोठ्यांतून बैलगाडीने आणले. कालवताना वैरणीच्या काड्या आणि खडे हातानेच वेचून काढले, कारण काड्या वर तरंगून जाड साय धरतात आणि खडे तळाशी बसतात. गावातल्या चालू संयंत्रातील दहा बादल्या मळी विरजण म्हणून घातली.

तीन आठवड्यांनी वायू धरला, तरी शेगडी पेटेना. सुरुवातीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड आणि आत राहिलेली हवा जास्त असते, म्हणून जवळपास ठिणगीही पडणार नाही याची काळजी घेऊन तो सोडून दिला. पुढच्या खेपेला ज्योत पेटली, पण रात्रीतून दाब उतरू लागला. सगळ्या जोडांना साबणाचे पाणी लावले, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या वळणावर वाटाण्याएवढा एक बुडबुडा फुगताना दिसला. तो जोड बदलला आणि ज्योत निळी, स्थिर झाली.

अनुदानाची पाहणी संयंत्र चालू झाल्यावर होते, त्यामुळे सगळा खर्च आधी आपल्याच खिशातून करावा लागतो. माझी फाईल एका कार्यालयात एकाच छायाचित्रासाठी तीनदा परत आली. लहान शेतकऱ्याला हा खोळंबा परवडत नाही, असे मला मनापासून वाटते.

डिसेंबरात वायू कमी पडला, कारण थंडीत जिवाणू मंदावतात. तेव्हापासून कालवण्याचे पाणी मी सकाळभर उन्हात ठेवतो आणि भरणी दुपारी करतो.