परकराची नाडी आणि ड्रायर

आमच्या परभणीत ड्रायर म्हणलं की सेमी ऑटोमॅटिकची ती बाजूची छोटी टाकी, जी कपडे पिळते अन् पिळता पिळता अख्खं मशीन मोरीभर नाचवते. गरम हवेनं कपडे वाळवायचं वेगळं मशीन कशाला पाहिजे हो इथं? जगात जर्मनी भारतात परभणी खरंय, पण ऊन आपल्याकडंच जास्त, मे महिन्यात गच्चीवर टाकलेली जीन्स खाली येऊन चहा पिईपर्यंत पापड होते.

पण 2025 चा सप्टेंबर आठवतोय ना. पावसानं लोकांची शेतं खरडून गेली, त्यापुढं कपड्यांचं काय रडायचं, तरी घरात आठ आठ दिवस ओल्या बनियनचा कुबट वास सुटला आणि पोरानं तो गरम हवेचा ड्रायर आणून टाकला.

पहिल्या दिवशी दोरीवर घालतो तसंच सगळं एकदम कोंबलं. तासाभरानं दार उघडलं तर बायकोच्या परकराच्या नाडीनं माझे दोन शर्ट, उशीचे अभ्रे, एक सॉक्स असं सगळं मिळून एकच गाठोडं बांधलेलं, वरून वाळलेलं आतून ओलं. माझी लोकरीची कानटोपी लिंबावर बसंल एवढी झाली. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात म्हणे, ओलं असताना उष्णता अन् घुसळण दोन्ही मिळाले की ते एकमेकांत अडकतात ते परत सुटत नाहीत.

तेव्हापासून मी कॉलरमागचं लेबल वाचायलो. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर चालतो, आत एक टिंब म्हणजे कमी गरम, दोन म्हणजे नेहमीचं, फुली मारली की विषय संपला. सुती जरा आटतंच, कारण विणताना धागा ताणलेला असतो तो सैल पडतो. पॉलिस्टर कमी गरमवर आणि वेळेत काढायचं, नाहीतर चटचट चटके देतं. इलॅस्टिक जास्त तापलं की ढिलं पडतं, याचा अनुभव सांगत नाही. आणि गंमत बघा, ज्या पैठणीला सगळ्यात जास्त जपायचं तिला लेबलच नसतं, पण ती मशीनजवळ न्यायची माझी छाती पण नाही.

दर वेळी ड्रायरच्या जाळीत पिंजलेल्या कापसासारखा थर निघतो. आपलेच कपडे झिजून तिथं जमतात. ती जाळी मात्र दर खेपेला साफ करायची, तुंबली की आत उष्णता कोंडते अन् आगीची भीती. तेलकट फडकी तर धुतलेली असली तरी घालू नका, तेल राहतंच, आणि गरम ढीग आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतो.

आता ऊन पडलंय. बायको सगळं गच्चीवर टाकते, टॉवेल तेवढे ड्रायरमधी, कारण ते लई मऊ निघतात. माझा एक टॉवेल मी गुपचूप दोरीवर टाकतो, खरखरीत असल्याशिवाय अंग पुसल्यासारखं वाटतच नाही.