तुम्ही विचारलंत म्हणून : परिवहनची नोकरी का मिळाली नाही

"गाडी चालवण्याच्या चाचणीत पास झालात, मग परिवहनच्या नोकरीचं काय झालं?" हा प्रश्न मला कळव्यातील शेजारी, नातेवाईक आणि माझ्या बसने महाप्याच्या कारखान्यात जाणारे कामगार सतत विचारतात. पैसे मागितले असतील किंवा वशिला कमी पडला असेल, असे त्यांनी मनाशी बहुधा आधीच ठरवलेले असते. माझ्याकडे कोणीही पैसे मागितले नाहीत. तरीही पहिली दोन वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही, आणि ज्यांनी आपले काम चोख केले त्यांच्यावर माझ्या गप्प राहण्यामुळे आळ आला.

२०१९ च्या त्या भरतीत लेखी परीक्षा झाली, कागदपत्रे तपासली गेली, अवजड वाहनाचा परवाना आणि बिल्ला दाखवून झाला, चढावर उभी केलेली बस मागे न घसरू देता मी पुढे काढली. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

डॉक्टरांनी रंग नीट ओळखता येतात का हे पाहणाऱ्या इशिहारा चाचणीचे, रंगीत ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक समोर ठेवले. पहिल्या पानावरचा १२ मी लगेच वाचला. तो सर्वांनाच वाचता येतो, हे मला नंतर कळले. पुढच्या पानावर ३ दिसला, त्यापुढे ७०, आणखी काही पानांनंतर २१. प्रत्येक आकडा मी ठामपणे सांगत होतो आणि डॉक्टर काही न बोलता लिहून घेत होते. त्या पानांवर इतरांना ८, २९ आणि ७४ दिसतात. एका पानावर मी ५ म्हणालो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्या पानावर इतरांना काहीच दिसत नाही. "आधी कोणी तपासलं नव्हतं का?" त्यांनी शांतपणे विचारले. परवान्यासाठी लागणाऱ्या नमुना १-अ च्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्वी एका डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारून सही केली होती, एवढेच मी सांगितले. लहानपणी आई पिकलेल्या मिरच्या वेगळ्या काढायला सांगायची आणि मी हिरव्याही त्यांतच टाकायचो, हे मात्र मी सांगितले नाही. लाल आणि हिरव्या रंगात माझी गफलत होते, हा संशय मला त्या दिवशी नवा नव्हता. अर्जावर 'अपात्र' असे लिहिले गेले.

घरी काय सांगायचे, हा विचार मला त्या रात्री छळत राहिला. रंगांधत्वाचा हा दोष क्ष गुणसूत्रातून येतो आणि मुलाला ते आईकडून मिळते. आईने स्वतःला दोष देऊ नये म्हणून मी गप्प राहिलो, असे मी बरीच वर्षे मानत होतो. ते पूर्ण खोटे नव्हते. पण शेजाऱ्यांना "पैशांचं काही तरी झालं" असे वाटू देताना मी आईचा नव्हे, माझाच मान राखत होतो.

"आता नियम बदललाय, परत अर्ज करा," असेही सांगितले जाते. २४ जून २०२० रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना परवान्याची वाट मोकळी केली, हे खरे आहे. परंतु त्यामुळे भरतीची वैद्यकीय अट सैल होत नाही. त्या भरतीत रंगांधत्व नसणे ही वेगळी अट होती. सिग्नलला लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, मी जागेवरून ओळखतो, एकही अपघात केलेला नाही, असे मी स्वतःची बाजू घेऊन सांगत असे. ते खरे आहे. पण पावसाळ्यात ठाणे-बेलापूर मार्गावर पहाटे पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा मला इतरांपेक्षा उशिरा दिसतो का, हे मी कधी कोणाकडून तपासून घेतलेले नाही.

शहराच्या बसमध्ये प्रवासी बसवायला मी अपात्र ठरलो आणि कारखान्याच्या बसमध्ये चाळीस कामगार रोज माझ्या भरवशावर बसतात. पहिला निर्णय अन्यायाचा होता, असे मी म्हणू लागलो की मला हे कामगार आठवतात. तो बरोबर होता असे म्हटले तर मी आज चालवत असलेल्या बसचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे आणि त्यासाठी पुन्हा नमुना १-अ भरून घ्यावा लागेल. रंगांचे पुस्तक दाखवा, असे या वेळी मी स्वतःहून म्हणेन की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही.