आधी न्याहारी

आज उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय घेतला. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ, म्हणून मी जरा सैलावूनच बसले होते. पण एक गोष्ट आजच लक्षात आली. येशूला धरून नेलं त्या रात्री 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणत पेत्राने त्याला नाकारलं ते प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या शेकोटीपाशी. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या तळ्याच्या किनाऱ्यावर येशूने काय पेटवून ठेवलंय? कोळशांचाच विस्तव! वर मासळी, सोबत भाकर. आधी न्याहारी, मग प्रश्न. तोही 'असं का केलंस?' हा नाहीच. 'माझ्यावर प्रीती करतोस का?' तीनदा. नाकारलंही तीनदाच होतं ना! तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं. वाटणारच. आपल्यासारखं 'झालं गेलं विसर' म्हणून मोकळं होणं नव्हतं ते. शिवाय लगेच कामही सोपवलं, मेंढरं सांभाळायचं.

पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही झाला होता. त्याबद्दल मिळालेली ३० नाणी परत केली त्याने, पण गेला याजकांकडे. पेत्राने मात्र प्रभू आहे कळताच तळ्यात उडी टाकली.

उपासनेनंतर बऱ्याच महिन्यांनी चर्चला आलेले एक काका पाळकांना म्हणाले, "पुढच्या रविवारी वाचन मी करू?"

"करा की. स्तोत्र ५१, पश्चात्तापाचं?"

"नको, ते घरी रोज वाचतो. १०३ द्या, क्षमेबद्दल आभार मानणारं."