बिलात आधीच लावलेली बक्षिशी

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या किंवा पोवई नाक्यावरच्या साध्या हॉटेलांत टीप म्हणजे बडीशेपेच्या बशीत उरलेले सुटे पैसे ठेवून उठणे, एवढाच व्यवहार असतो. मोठ्या एसी रेस्टॉरंटांत मात्र काही ठिकाणी बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ आढळते, आणि माझा आक्षेप त्या रकमेपेक्षा ती न विचारता लावण्याला आहे.

हजार रुपयांच्या जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला की ५ टक्के जीएसटी अकराशे रुपयांवर निघतो, म्हणजे जी रक्कम मी खुशीने दिली असे मानायचे, तिच्यावरही पाच रुपये कर भरायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच अशा आपोआप होणाऱ्या आकारणीला, मग ती कोणत्याही नावाने असो, मनाई केली होती; त्याविरुद्ध हॉटेलचालकांच्या संघटनांनी केलेल्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळल्या. त्यामुळे ही रक्कम वगळण्यास सांगता येते आणि न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही करता येते. (टेबलावर व्याही बसलेले असताना हा वाद कोण काढणार, हे गल्ल्यावरच्या माणसाला पक्के ठाऊक असते.)

मालकांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो: टीप फक्त वाढणाऱ्याला मिळते, भटारखान्यातला आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावशी कोरड्याच राहतात, तर सर्व्हिस चार्ज सर्वांत वाटता येतो. वाटता येतो हे खरे, पण वाटला जातो की नाही हे गिऱ्हाइकाला कुठे दिसते? ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टीप आणि सर्व्हिस चार्जची रक्कम कोणतीही कपात न करता कामगारांपर्यंत पोहोचवणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तसे बंधन नसताना ती ओळ म्हणजे मेनूकार्डावर न छापलेली दरवाढच ठरते. पगार वाढवण्यासाठी थाळी वीस रुपयांनी महाग केली, तर मी ती तक्रार न करता देईन, कारण तो दर मला खाण्याआधी कळलेला असेल.

यूपीआयने आणखी एक गुंता केला आहे. काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असल्याने त्यात भरलेले वरचे वीस रुपये वेटरपर्यंत जातीलच असे नाही, म्हणून बिल मोबाइलवरून भरले तरी टीप मी नोटेच्याच रूपात, वाढणाऱ्याच्या हातात देतो, आणि आतल्या मंडळींसाठी टीपचा डबा ठेवला आहे का, हे त्यालाच विचारतो.