कात्री

बुधवार, रात्री पावणेअकरा

दिवसभरात एकच परिच्छेद लिहिला आणि संध्याकाळी तोही निम्मा उडाला. औषधांच्या नियमांच्या सरकारी मसुद्यावर हरकती-सूचना पाठवायची मुदत शुक्रवारी संपतेय. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "गोष्ट नको सांगू, नियम क्रमांक सांग." बरोबर आहे त्यांचं. पण माझ्याकडे नियम उशिरा आले, गोष्टी आधीपासून होत्या.

मिरजेचं आमचं मेडिकल स्टेशनजवळ, त्यामुळे बरंचसं गिऱ्हाईक कानडी, दवाखान्यासाठी सीमेपलीकडून आलेलं. डी.फार्म. झाल्यावर आण्णांनी काउंटरवर उभं केलं आणि सगळ्यात आधी शिकवली ती कात्री. गल्ल्याला सुतळीने बांधलेली. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी आपल्या तुकड्यावर राहील अशी धरायची, म्हणजे उरलेला माल विकता येतो. गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो बिननावाचा चकचकीत तुकडा. अकरा वर्षं मी तशाच कापल्या. हात इतका बसला होता की बोलता बोलता कापायचे.

खटकलं ते रजिस्टर भरताना. १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीतली औषधं (चिठ्ठीशिवाय न विकायची, बरीचशी अँटिबायोटिक) वेगळ्या वहीत लिहावी लागतात: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. वही ३ वर्षं जपायची. 'किती दिलं' याला रकाना आहे. 'किती लिहून दिलं होतं' याला नाही. चिठ्ठीवर सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या १० गोळ्या, बाई पिशवीतली चिल्लर मोजून म्हणणार, "सध्या चारच द्या." वहीत ४. वही एकदम स्वच्छ. तपासणीला आलेले साहेब पानं उलटून सही करून गेले, चहाही घेतला. त्या रात्री मी कडेला पेन्सिलीने दुसरा आकडा लिहायला सुरुवात केली. ४, बाजूला १०. ६, बाजूला १५. उरलेल्या न्यायला परत येणारे थोडेच.

त्या पेन्सिलीमुळेच मी पुण्याला या कामाला आले, असं म्हणायला हरकत नाही. सांगलीतल्या एका बैठकीला ती वही घेऊन गेले होते, बाकी काहीच नव्हतं माझ्याकडे. मधली दोन वर्षं, परीक्षा, एस.टी.चे प्रवास, ते सगळं पुन्हा कधीतरी लिहीन.

इथे येऊन कळलं की ज्या किमतीवर मी अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या ती ठरते कशी. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे, आवश्यक औषधांच्या यादीतलं औषध असेल तर बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के. झाली कमाल किंमत. गोळी बनवायला किती पैसे लागतात हे त्यात कुणी विचारतच नाही. १९९५च्या आदेशात निदान ते विचारत होते, औषधं ७४च का असेनात. ते १६ टक्के आमच्याच गल्ल्यात यायचे, तेव्हा मीही विचारलं नव्हतं म्हणा.

आजचा परिच्छेद औषधावरच्या क्यूआर कोडवर होता, मोबाइलने स्कॅन केला की बॅच, एक्सपायरी दाखवणाऱ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर तो सक्तीचा आहे, स्ट्रिपवर जागा नसेल तर बाहेरच्या बॉक्सवर चालतो. बॉक्स घरी कोण नेतं? तो आमच्या फळीवरच रिकामा होतो. आणि चार गोळ्यांच्या तुकड्यावर कोड कुठला? मॅडमनी हे ठेवलं. कात्री, सुतळी आणि ती बाई मात्र गेली.

जेवताना आण्णांचा फोन. नवीन पोरगं नीट कापत नाही, नंबराचा भाग गिऱ्हाइकालाच देऊन टाकतं, आज तीन तुकडे वाया गेले.

"राहू द्या ना," म्हटलं, "तसंच कापू द्या."

"तुझं काय जातंय," म्हणाले आणि फोन ठेवला.